सांस्कृतिक बीटवरचे पहिले सहा महिने: नव्या बातमीदारासाठी

महापालिका, पोलीस, कोर्ट, शिक्षण अशी बीटं, म्हणजे बातमीदारांना नेमून दिलेली क्षेत्रं, वाटून झाली की साहित्य-नाटक-सिनेमाचं बीट बहुतेक वेळा सर्वांत नव्या माणसाच्या वाट्याला येतं. मुलाखतीत वाचनाची आवड आहे असं सांगितलेलं असतं, तेवढं पुरतं. हे बीट हलकं आहे असा समज बऱ्याच ऑफिसांत असतो आणि नवा माणूस तो लवकर उचलतो. तुम्ही उचलू नका. महापालिकेच्या बजेटमधला आकडा जसा तपासून छापतो तशीच नाटकाच्या प्रयोगाची संख्या, पुस्तकाची आवृत्ती आणि गीतकाराचं नाव तपासून छापायचं असतं. आपलं वाचन आणि पाहणं हे या कामाचं भांडवल खरंच, पण सकाळी पेपर उघडणाऱ्याला त्यातून भरवशाची माहिती मिळाली पाहिजे. नाटकाच्या तिकिटावर पाचशे रुपये खर्चावेत की नाही, हे तो तुमच्या चार परिच्छेदांवरून ठरवत असतो.

मी पुण्यात काम करते, त्यामुळे ठिकाणं पुण्याची येतील. नाशिक, कोल्हापूर, नागपूर किंवा पणजीत असाल तर नावं बदलून घ्या, पद्धत तीच.

आधी जागा आणि माणसं

पहिल्या पंधरवड्यात बातमीच्या मागे धावू नका, जागा बघा. बालगंधर्व रंगमंदिर, भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच. टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, नवी पेठेतलं पत्रकार भवन, लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि चित्रपटाचं शिक्षण देणारी एफटीआयआय. पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात तर आठवड्यातून एकदा चक्कर हवीच. प्रत्येक ठिकाणी मागचं दार कुठे आहे, मोबाइलला रेंज कुठे मिळते, लॅपटॉप उघडून बसता येईल असा कोपरा कुठला, हे माहीत पाहिजे. रात्री सव्वाआठला कॉपी पाठवायची असते तेव्हा याचा उपयोग कळतो.

मग माणसं. नवे बातमीदार कलाकारांचे नंबर गोळा करतात. ते नंबर कोणालाही मिळतात आणि बहुतेकदा मॅनेजर उचलतो. बुकिंगच्या खिडकीतला माणूस, नाटकांचे व्यवस्थापक, प्रकाशयोजना करणारे, रंगभूषाकार, ग्रंथपाल, पुस्तक विक्रेते आणि छापखान्यातला बाइंडर यांच्याशी ओळख वाढवा. कुठल्या नाटकाचे प्रयोग अचानक कमी झाले हे व्यवस्थापकाला आधी कळतं. कागद महागला, म्हणून कुठल्या प्रकाशकाने किती पुस्तकं पुढे ढकलली, हे छापखान्यात कळतं. ‘सध्या काय खपतंय?’ यापेक्षा ‘लोक काय मागतात आणि तुमच्याकडे नसतं?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारा. एका उत्तरात दोन बातम्या मिळतात.

एक काम जरूर करा. एखाद्या रविवारी नाटक सुरू होण्याच्या दोन तास आधी रंगमंदिराच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. टेम्पो लागतो, सेट उतरतो. कालच्या गावातल्या रंगमंचाची रुंदी वेगळी असते, म्हणून एक भिंत आत घ्यावी लागते. शिडीवर चढलेला माणूस स्पॉट फिरवतो आणि खालचा ‘अजून डावीकडे, अजून’ असं ओरडत राहतो. विंगेत टेबलावर साड्यांना इस्त्री चाललेली असते. सेट, दिवे, कपडे सगळं पुढच्या दीड तासात उभं राहतं आणि तीच माणसं रात्री बाराला ते सोडवून पुढच्या गावी निघतात. हे एकदा पाहिलं की ‘नेपथ्य साजेसे’ असं दोन शब्दांचं वाक्य लिहायला हात धजत नाही.

दिवस कसा जातो

सकाळी किमान चार पेपर वाचायचे. आपल्याकडे काय आहे ते नव्हे, आपल्याकडून काय सुटलंय ते बघायचं. अकराच्या सुमारास मीटिंग, तिथे आजची यादी द्यायची. यादीत ‘सायंकाळी प्रकाशन’ एवढंच लिहिलं तर पानावर दोन परिच्छेदांची जागा मिळते. ‘सायंकाळी प्रकाशन; पुस्तकात अमुक विषयावरची नवी कागदपत्रं, लेखकाशी आधी बोलणं झालंय’ असं लिहिलं तर मुख्य उपसंपादक जागा राखून ठेवतात. यादी लिहिणं ही या धंद्यातली कला आहे, शिकून घ्या.

दुपार फोनची, वाचनाची आणि आतल्या पानांच्या कॉपीची. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर एकाच वेळी तीन ठिकाणी तीन कार्यक्रम असतात. छायाचित्रकाराला वेळ आणि ठिकाण सकाळीच कळवा. फोटोओळीसाठी डावीकडून उजवीकडे नावं वहीत उतरवा आणि निमंत्रणपत्रिका खिशात ठेवा, नावांचं लेखन तिच्यात असतं. (तिच्यातही चुका असतात, म्हणून ज्याचं नाव त्याच्याकडूनच एकदा तपासून घ्यायचं.) प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहीपर्यंत तुमच्या बातमीची पार्श्वभूमी लिहून झालेली हवी. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते, शहर आवृत्तीत सुधारणा करता येते. पण भाषण झालंच नाही तर? निमंत्रणपत्रिकेवरून ‘ते म्हणाले’ लिहून मोकळं होणं हा या बीटवरचा सर्वांत मोठा धोका आहे. जे कानाने ऐकलं तेच अवतरणात टाका.

शनिवार-रविवार तुमची सुट्टी नसते, कारण नाटकं आणि महोत्सव त्याच दिवशी असतात. हे घरी पहिल्याच महिन्यात नीट बसून सांगा. जेवण रात्री साडेदहाला होतं, लग्नकार्यं चुकतात. या कामात टिकलेल्या बहुतेकांच्या घरी हे समजून घेणारं कोणीतरी आहे.

प्रेसनोटची बातमी कशी करायची

समजा, दुपारी ही प्रेसनोट आली:

‘मान्यवरांच्या शुभहस्ते एका हृदयस्पर्शी आत्मकथनाचे प्रकाशन दिमाखदार सोहळ्यात मोठ्या उत्साहात संपन्न झाले. याप्रसंगी साहित्य व सांस्कृतिक क्षेत्रातील अनेक मान्यवर उपस्थित होते. लेखक हे एसटी महामंडळातून निवृत्त झाले असून त्यांचे हे पहिलेच पुस्तक आहे.’

यात बातमी कुठे आहे? शेवटच्या वाक्यात, आणि तीही अर्धीच. लेखकाला फोन करा. एसटीत काय होते? वाहक. लिहायला वेळ कधी मिळाला? ‘मुक्कामी गाडीवर असायचो. रात्री गावात गाडी लागली की सकाळी सहापर्यंत काही काम नसायचं. तेव्हा लिहायचो.’ वह्या किती आहेत, कुठल्या गावांच्या नोंदी आहेत, मुक्कामाला जागा कोण द्यायचं, जेवण कुठे मिळायचं, हे विचारा. आता इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, असा होतो:

‘मुक्कामी एसटी रात्री ज्या गावात थांबायची, तिथे देवळाच्या ओसरीत किंवा शाळेच्या खोलीत बसून एका वाहकाने लिहिलेल्या वह्यांचं आता पुस्तक झालं आहे.’

प्रकाशन कोणाच्या हस्ते झालं ते तिसऱ्या परिच्छेदात येईल. आधीची प्रेसनोट सगळ्याच पेपरांकडे आहे, ओसरी फक्त तुमच्याकडे आहे. हा फोन साधारण दहा मिनिटांचा असतो आणि तो करायला वेळ नाही असं म्हणणारा बातमीदार मला खरंच समजत नाही.

काही शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि वापरू नका: संपन्न, शुभहस्ते, दिमाखदार, बहारदार, मंत्रमुग्ध, रसिकांची मने जिंकली, टाळ्यांचा कडकडाट. गायकाने कुठला राग गायला, कुठल्या तालात, किती वेळ, कुठल्या जागेवर दाद आली, हे सांगितलं की ‘मंत्रमुग्ध’ची गरज उरत नाही. शास्त्रीय संगीतातलं कळत नसेल तर शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाला विचारा, लोक आनंदाने सांगतात. सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चालू आहे आणि तिथे मागच्या रांगेत बसणाऱ्या श्रोत्यांकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकले नाही.

पुस्तकाचं परीक्षण

ऑफिसात एक टेबल असतं, त्यावर परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकांचा ढीग. पहिलं काम म्हणजे या पुस्तकांची नोंदवही ठेवा: कधी आलं, कोणी नेलं, छापून कधी आलं. ही पुस्तकं परीक्षणासाठी आलेली असतात, ती रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसता कामा नयेत. वर्षाअखेर गावाकडच्या एखाद्या वाचनालयाला द्या.

पुस्तक उघडलं की आधी श्रेयनामावलीचं पान वाचा. प्रथमावृत्ती कधीची? ही दुसरी आवृत्ती आहे की पुनर्मुद्रण? पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो, आवृत्तीत बदल अपेक्षित असतात, आणि मराठीत हे दोन्ही शब्द फार ढिलेपणाने वापरले जातात. ‘पाचवी आवृत्ती’ हा आकडा मथळ्यात घ्यायचा असेल तर प्रत्येक आवृत्ती किती प्रतींची होती हे प्रकाशकाला विचारा. पाचशेच्या पाच आवृत्त्या आणि तीन हजारांची एक, यांत खप कुठला मोठा? अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव परीक्षणाच्या डोक्यावर गेलंच पाहिजे. मुखपृष्ठ कोणाचं तेही.

पुस्तक पूर्ण वाचायचं. मलपृष्ठावरून आणि प्रस्तावनेवरून लिहिलेलं परीक्षण जाणत्या वाचकाला पहिल्या परिच्छेदात ओळखू येतं. मी तर प्रस्तावना शेवटी वाचते. मोठ्या माणसाने लिहिलेली प्रस्तावना आधी वाचली की त्याचीच वाक्यं आपल्या लेखात उतरतात. वाचताना एक लांब चिठ्ठी पुस्तकात ठेवते. तिच्यावर पानाचा आकडा आणि चार शब्द, बस. पृ. ४७: आईचं बोलणं खोटं वाटतं. पृ. ११२: तारखा जुळत नाहीत, बघणे. पृ. १३०: हे फार छान, उद्धृत करणे. पुस्तक संपतं तेव्हा परीक्षणाचा सांगाडा त्या चिठ्ठीवर तयार असतो.

सहाशे शब्द मिळाले असतील तर आशय सांगण्यात दोनशेच्या वर घालवू नका. एक उतारा असा द्या की लेखकाची भाषा वाचकाच्या कानावर पडावी. याच विषयावर मराठीत आधी काय आलंय आणि हे पुस्तक त्यात काय भर घालतं, हे सांगितलंत तर तुमच्या परीक्षणाची किंमत दुप्पट होते. त्यासाठी वाचलेलं असावं लागतं आणि त्याला दुसरा उपाय नाही. मग मत द्या, स्पष्ट द्या, कारणासकट द्या. ‘वाचनीय व संग्राह्य’ लिहून शेवट केलेली परीक्षणं कोणाच्याच कामाची नसतात, लेखकाच्याही नाहीत.

ओळखीच्या लेखकाचं पुस्तक असेल तर पुरवणीच्या संपादकांना सांगून ते दुसऱ्याकडे द्या. मराठी साहित्याचं जग लहान आहे, हा प्रश्न दर महिन्याला येणार. परीक्षण छापून आल्यावर लेखकाचा फोन येईल. ऐकून घ्या. तपशील चुकला असेल तर दुरुस्ती त्याच जागी, ठळकपणे छापा. मतावर नाराजी असेल तर नम्रपणे ऐकायची आणि मत बदलायचं नाही.

एक कायदेशीर गोष्ट. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. समीक्षेसाठी किंवा चालू घडामोडींच्या बातमीसाठी मजकुराचा मर्यादित, वाजवी भाग उद्धृत करता येतो. अख्खी कविता छापणं हे त्यात सहज बसत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं हक्क टिकतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, त्यामुळे २७ फेब्रुवारीच्या पुरवणीत त्यांची पूर्ण कविता सजवून छापायची तर परवानगी लागते. दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ही गडबड होते, म्हणून पत्र जानेवारीतच पाठवा.

नाटक पाहताना

अंधारात लिहायची सवय करा. छोटी वही, एका पानावर एकच नोंद, मोठी अक्षरं. मोबाइलच्या उजेडात लिहायचं नाही. बाजूच्याला त्रास होतो आणि रंगमंचावरून तो उजेड दिसतो.

शुभारंभाचा प्रयोग बघून लगेच लिहावं लागतं, तो धंद्याचा भाग आहे. पण शक्य असेल तेव्हा दहा-बारा प्रयोगांनंतर तेच नाटक पुन्हा बघा. संवाद रुळलेले असतात, पंधरा मिनिटं कापलेली असतात, एखादा नट हशा येतो म्हणून वाढवायला लागलेला असतो. संहिता आणि प्रयोग वेगळे करून बघायला हे पुनःपाहणं शिकवतं. परीक्षणात लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाश, संगीत अशी एकेक वाक्याची हजेरी लावायची जुनी सवय आहे. ती सोडा. त्या रात्री जे सर्वांत जास्त बोललं त्यावर तीन परिच्छेद लिहा. प्रकाशयोजनाच नाटक सांभाळत असेल तर प्रकाशावर लिहा.

शिकायला सर्वांत चांगली जागा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. महाविद्यालयांची ही एकांकिका स्पर्धा १९६३पासून होते, भरत नाट्य मंदिरात. एका संध्याकाळी लागोपाठ एकांकिका, वेगवेगळ्या विषयांच्या, वेगवेगळ्या तयारीच्या. प्रत्येकीवर घरी येऊन चार-चार ओळी लिहा, छापायला नाही, स्वतःसाठी. नंतर निकालाशी आणि परीक्षकांच्या बोलण्याशी ताडून बघा. आज मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर असलेले कितीतरी लोक याच रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहिले आहेत, त्यामुळे या वह्या जपून ठेवा.

सिनेमा, ओटीटी आणि बाकी सगळं

सिनेमाच्या बीटवर जनसंपर्क करणाऱ्या कंपन्या फार. त्यांच्याकडून ‘तयार मुलाखत’ येते, प्रश्नांसकट. ती स्वतःच्या नावाने छापायची नाही. कलाकार शहरात येतात तेव्हा एका टेबलावर पाच बातमीदार आणि पंधरा मिनिटं असा मामला असतो. अशा वेळी ‘भूमिकेबद्दल सांगा’ हा प्रश्न दुसऱ्याला विचारू द्या. तुम्ही एकच नेमका विचारा: अमुक प्रसंग किती टेकमध्ये झाला, बोली कोणाकडून शिकलात, संवाद चित्रीकरणात बदलले का.

‘पहिल्या आठवड्यात इतके कोटी’ असं पोस्टर आलं की तीन गोष्टी विचारा. आकडा कोणी दिला, निर्मात्याने की वितरकाने? ग्रॉस की नेट, म्हणजे करासकट की कर वजा जाता? आणि किती पडद्यांवर, किती खेळ? मराठी सिनेमाच्या बाबतीत खेळांच्या वेळा फार बोलक्या असतात. सकाळी पावणेदहाचा एकच खेळ मिळालेला सिनेमा ‘चालला नाही’ असं लिहिण्याआधी तिकीटविक्रीच्या ॲपवर शहरातल्या सगळ्या वेळा एका कागदावर उतरवून काढा. तो कागद हीच बातमी होऊ शकते.

परीक्षणात शेवट फोडायचा नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, ध्वनी आणि संकलन कोणाचं हे तिथेच कळतं. आणि जुनं बघत राहायचं. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट ३ मे १९१३ला मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. प्रभात कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात सुरू झाली, १९३३मध्ये पुण्यात आली आणि आज त्याच जागेवर एफटीआयआय आहे. १९६४मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट संग्रहालयात पोस्टरं, पुस्तिका आणि जुने अंक आहेत. आधी पत्र देऊन वेळ घ्या, कशासाठी काय बघायचंय ते नेमकं लिहा, काम होतं.

पुस्तकं आणि नाटकं आवडणारे आपल्यातले बरेच जण मालिका, रील, मराठी रॅप यांच्याकडे जरा वरून बघतात. मला हे पटत नाही. संध्याकाळी साडेसातला महाराष्ट्रातल्या घराघरात जे चालू असतं ती बातमीच आहे. मालिकेच्या लेखकाला रोज एक भाग द्यावा लागतो. हातात किती भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेला साठा, शिल्लक आहे यावर त्याची झोप ठरते. चित्रीकरण वाई, सातारा, कोल्हापूरकडे गेलं की तिथल्या वाड्यांचं भाडं, जेवणाची कंत्राटं, गावातल्या मुलांना मिळणारं काम असा सगळा अर्थव्यवहार उभा राहतो. गणेशोत्सवातले देखावे बघा. कुठला सिनेमा लोकांच्या मनात बसला हे मंडळांच्या देखाव्यांवरून कळतं. ढोल-ताशा पथकातल्या मुली, रात्रभर जागून जपानी ॲनिमे बघणारी आणि त्यासाठी भाषेचे वर्ग लावणारी मुलं, यांच्याशी बोला. आवड कशी लागली ते विचारा आणि मध्येमध्ये आपलं मत घालू नका.

निधनवार्ता

हे काम कोणी शिकवत नाही आणि सर्वांत जास्त जबाबदारीचं हेच. रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर मजकूर येतो: ज्येष्ठ अभिनेते गेले. त्या क्षणी फोन कोणाला करायचा हे ठरलेलं हवं.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना त्यांच्या निधनाची बातमी एका रात्रीत सगळीकडे पसरली. श्रद्धांजल्या वाहून झाल्या. कुटुंबीयांना ती खोटी असल्याचं सांगावं लागलं. त्यांचं निधन झालं २६ नोव्हेंबरला. मधल्या दिवसांत त्या घरातल्या माणसांनी काय सोसलं असेल याचा विचार करा आणि मग आपला नियम पक्का करा: कुटुंबातली व्यक्ती किंवा रुग्णालय, यांपैकी एकाकडून थेट दुजोरा, आणि शक्यतो दोन्हीकडून. दुसऱ्या कलाकाराची पोस्ट हा दुजोरा नाही. मोठ्या नेत्याचं ट्वीटही नाही. पाच मिनिटं उशीर झाला म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही. काढलंच तर ती नोकरी सोडण्यासारखीच होती.

ऐंशी पार केलेल्या मोठ्या कलाकार-लेखकांची एक फाइल करून ठेवा. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण, पहिली भूमिका किंवा पहिलं पुस्तक, पुरस्कार सालासकट, जवळच्या दोन माणसांचे नंबर. वर्षातून एकदा ती अद्ययावत करा. हे अशुभ वगैरे मानू नका. घाईत लिहिलेल्या मृत्युलेखात आयुष्यभराचं काम तीन मालिकांच्या नावांत संपतं, तसं होऊ नये म्हणून ही फाइल. त्यासाठी त्यांना त्यांच्या हयातीत भेटायला जा. साठ वर्षांपूर्वीच्या दौऱ्याची, बैलगाडीतून नेलेल्या पडद्यांची, पेट्रोमॅक्सच्या उजेडातल्या प्रयोगांची आठवण सांगायला त्यांना कोणीतरी हवं असतं. त्यातून आजची चांगली मुलाखत होते, आणि पुढे मृत्युलेखात त्यांचे स्वतःचे शब्द असतात.

रात्री घरच्यांना फोन करायची वेळ आली तर आधी आपलं नाव, पेपरचं नाव, मग ‘वेळ चुकीची आहे, क्षमा करा’. ‘आता कसं वाटतंय?’ कधीही विचारू नका. अंत्यदर्शनाची वेळ आणि जागा विचारा, तपशील पडताळा, आभार माना, फोन ठेवा.

संमेलन कव्हर करताना

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा १८७८मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ग्रंथकार संमेलनापर्यंत जाते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०२५मध्ये ९८वं संमेलन दिल्लीत झालं, तारा भवाळकर अध्यक्ष होत्या. तीन दिवसांत वाद, राजकारण, जेवणाच्या रांगा असं सगळं असतं आणि बातम्या बहुतेक त्याच्याच होतात. त्या द्याव्यात, पण अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत आधी मिळवून पूर्ण वाचा. त्यात वर्षभराचा विचार असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातली दोनच वाक्यं छापून येतात. दुपारच्या परिसंवादाला वीस माणसं असली तरी बसा. ग्रंथदालनात शेवटच्या दिवशी संध्याकाळी फिरा, प्रकाशक तेव्हा खरे आकडे सांगतात. समारोपातले ठराव लिहून घ्या आणि आधीच्या वर्षीच्या ठरावांचं काय झालं ते विचारा.

आपलं वाचन

परीक्षणासाठी वाचायचं ते काम. त्याशिवाय स्वतःसाठी वाचायचं वेगळं काढून ठेवावं लागतं, नाहीतर पाच वर्षांत माणूस फक्त नवीन आलेलंच वाचत राहतो. मी सकाळी पेपर वाचण्याआधीचा अर्धा तास जुन्या पुस्तकांना देते आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून आहे. अशा जुन्या वाचनालयाचं सदस्यत्व घ्या, विकत घेणं नेहमी परवडत नाही आणि बाजारात नसलेली पुस्तकं तिथे मिळतात. संदर्भाला मराठी विश्वकोश महाजालावर फुकट आहे. जुन्या पुस्तकाचं साल अडलं तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची बघा, १८०० ते १९३७मधली मराठी पुस्तकं त्यात नोंदलेली आहेत. ऑफिसातली कात्रणांची कपाटं कोणी रद्दीत काढायला निघालं तर अडवा.

वर्षाचं कॅलेंडर

हे टेबलासमोर चिकटवून ठेवा, विषय सुचत नाही असा आठवडा येणार नाही. ६ जानेवारी: बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली याच दिवशी निघालं, म्हणून पत्रकार दिन, जानेवारीतच पुण्याचा चित्रपट महोत्सव. २७ फेब्रुवारी: मराठी भाषा गौरव दिन. २७ मार्च: जागतिक रंगभूमी दिन. २३ एप्रिल: पुस्तक दिन. मे महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या भिलारला जा, २०१७मध्ये पुस्तकांचं गाव झालेलं. घराघरातली पुस्तकं कोण वाचतं, कोण सांभाळतं, हे दर वर्षी नव्याने विचारता येतं. २६ जून: बालगंधर्व रंगमंदिराचा वर्धापनदिन, १९६८चं उद्घाटन. ऑगस्ट-सप्टेंबर: एकांकिका आणि गणेशोत्सव. १५ ऑक्टोबर: वाचन प्रेरणा दिन. ५ नोव्हेंबर: मराठी रंगभूमी दिन, विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत केलेल्या प्रयोगाची आठवण. डिसेंबर: सवाई आणि साहित्य अकादमीचे पुरस्कार.

आणि दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये ही प्रथा रूढ केली. याचं काम जूनमध्ये सुरू होतं: संपादकांना फोन करून कुठले विषय ठरलेत, जाहिराती किती आल्यात, कुठले अंक यंदा निघणार नाहीत, हे विचारायचं. सप्टेंबरात छापखान्यांत चक्कर मारायची. अंक हातात आले की मुखपृष्ठांच्या फोटोंनी पान भरू नका. पाच अंक निवडा, त्यांतली एकेक कथा किंवा लेख नीट वाचा आणि नव्या लेखकाचं नाव दिसलं तर त्याच आठवड्यात त्याला फोन करा.